साखळी ओढण्याआधी

सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस सगळ्यात जास्त बोलतो. त्या दिवशीचा म्हणत होता, "पोरीचा हात गेला इंजिनाखाली, त्यातच ती गेली. आणि आता रात्री त्या शेडमधून हात मागते म्हणे. हात, हात करत. परवा तर आमच्या मेहुण्याने स्वतः..." एवढ्यात वस्तरा ओठावर आला, आणि मेहुण्याने काय केलं ते राहूनच गेलं.

आता ऐका. ते दार तेवढं ओढून घ्या. मेहुण्याचं मला ठाऊक नाही. पण ज्याची ती शेड, त्या मिस्त्रीची आणि आमची भिंत एक. त्याच्याकडे चमचा पडला तरी आमच्याकडे कळतं. बाकीचं त्याने स्वतःच सांगितलं, एकदाच, खाली बघून.

मिस्त्रीने सगळा जन्म कारखान्यात पंप दुरुस्त केले. निवृत्त झाला तेव्हा म्हाताऱ्या मालकाने त्याला एक जुनी गाडी दिली. लाल, बुटकी, दोनच सीटांची, नाक लांबलचक. कधीकाळी शर्यतीत पळालेली, पण मिस्त्रीच्या दारात आली ती दोरीने ओढत. "लोकांना घड्याळ देतात, तुम्हाला भंगार दिलं," बायको म्हणाली. मुलगी मात्र त्या रात्री गाडीतच झोपली.

मुलीला बाप चिमटी म्हणायचा. जिथे पाना जात नाही तिथे तिची बोटं जायची, म्हणून. तंत्रशाळेत इंजिनाचं काम शिकली, पुढे तिथेच शिकवायला लागली. बापलेकींनी सहा वर्षांत त्या गाडीचं इंजिन तीनदा बाहेर काढलं आणि तीनदा आत बसवलं. गाडी काही चालली नाही. "चालली तर तुम्ही दोघं करणार काय?" असं आई विचारायची. दोघंही परत इंजिनात डोकं घालायची.

इंजिन काढायला शेडच्या तुळईला चेनपुली टांगलेली होती. बाप साखळी ओढणार, मुलगी वाकून इंजिनाला वाट दाखवणार. पहिल्याच खेपेला बापाने घाई केली, तिचं बोट सापडलं, नख काळंनिळं झालं. तिच्या हाताला झालं ते एवढंच. पण तेव्हापासून रीत ठरली. साखळीवरच्याने विचारायचं, "हात?" वाकलेल्याने म्हणायचं, "बाहेर." ते ऐकल्याशिवाय साखळीची एक कडी हलायची नाही. पुढे पुढे तर घरात कपाट लावतानाही हेच चालायचं. आई कपाळाला हात लावायची.

चिमटी गेली तापाने. नऊ दिवसांत. सातव्या दिवशी दवाखान्यात बापाला म्हणाली, "बाबा, इंजिन आमच्या शाळेला द्या. झाकून ठेवू नका. पोरांना उघडू द्या." बापाने हो म्हटलं. त्या वेळी कोण नाही म्हणतं?

दीड वर्ष गेलं. इंजिन काही निघेना. मिस्त्री रात्री शेडमध्ये जायचा, साखळी अडकवायचा, ताणायचा आणि सवयीने विचारायचा, "हात?" मग उभाच राहायचा. उत्तराशिवाय ओढायला त्याचा हात धजायचा नाही. शेवटी साखळी सैल करून घरात यायचा. दोनदा बोलावलेला टेम्पो त्याने परत पाठवला.

मग तंत्रशाळेचे मास्तर घरी आले. ओशाळूनच बोलले. "मिस्त्री, घाई करत नाही मी. पण चिमटीने शिकवलेली शेवटची पोरं यंदा बाहेर पडतायत. ते इंजिन त्यांनी उघडावं, दुसऱ्या कुणी नाही, असं वाटतं. मंगळवारी सकाळी सातला येतो."

"या," मिस्त्री म्हणाला.

सोमवार होता, नोव्हेंबरची सतरा तारीख. साडेनऊला जेवण झालं. मिस्त्री उठला तशी बायको म्हणाली, "मी येऊ?"

"तू झोप. तुझे गुडघे दुखतात."

"आणि तुमचे काय नाचतात?" असं म्हणाली खरी, पण गेली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "आज तरी ओढा हो."

मिस्त्रीने पाणी काढून टाकलं, नळ्या सोडवल्या, तारा बाजूला बांधल्या. गिअरबॉक्सखाली जॅक लावला. एकेक बोल्ट काढून डब्यात टाकला. गिअरबॉक्स आणि इंजिन एकमेकांपासून सुटलं की पुढचं काम साखळीचं. पावणेबारा वाजले होते. त्याने साखळी ताणली. इंजिनाचं वजन तिच्यावर आलं. तुळई कुरकुरली.

"हात?"

निघून गेलंच तोंडातून.

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मिस्त्री स्वतःला म्हणाला, अरे, कुणी नाही तिथे. ओढ. पण ओढणं म्हणजे तिथे कुणी नाही हे कबूल करणं. आणि न ओढणं म्हणजे तिला दिलेला शब्द खाणं. दोन्हीकडून मरण. साखळी तळहातात रुतत होती.

"हात?" त्याने परत विचारलं.

काही नाही.

"चिमटे... हात?"

टक.

त्याला वाटलं, साखळी बसली असेल.

टक... टक टक टक.

आवाज इंजिनाच्या मागून. खालून. पाना फिरताना होतो तसा. सावकाश. मग थांबला.

मिस्त्रीने मान वळवली नाही. श्वास घेतला नाही.

...

"बाहेर."

नेहमीसारखंच. जरा वैतागून. कितीदा विचारता, अशा सुरात.

त्याने ओढली. एक कडी. दुसरी. तिसरी. इंजिन कुठे घासलं नाही. अडलं नाही. पुढे सरकलं, वर आलं, हवेत लटकलं. त्याने ते फिरवून लाकडी घोडीवर उतरवलं. साखळी सोडली. मग तिथेच, तेलकट जमिनीवर बसला आणि दीड वर्षात पहिल्यांदा रडला.

दारात बायको उभी होती.

"तू म्हणालीस?" त्याने विचारलं.

"म्हणायलाच आले होते. रोज तुमचं ते हात-हात ऐकवत नव्हतं मला. आज मीच म्हणणार होते, बाहेर, म्हणून. दार लोटलं. तोंड उघडलं..."

"मग?"

"माझ्याआधीच..."

दोघं उजाडेपर्यंत तिथेच बसून होती.

सातला मास्तर आले, सोबत चार विद्यार्थी. इंजिन टेम्पोत चढलं. मास्तर हिशेबी माणूस, डबा उलटा करून बोल्ट मोजले. "मिस्त्री, गिअरबॉक्सचे पाचच आहेत."

"पाचच काढले मी."

"सहा असतात."

मिस्त्री बघतच राहिला. सहावा बोल्ट वरच्या बाजूला, पार मागे, इंजिन आणि पत्र्याच्या मध्ये. तिथे त्याचा पंजा कधी गेलाच नव्हता. तीनही वेळा तो चिमटीने काढला होता. त्याच्या कामात तो बोल्ट कधी आलाच नाही, म्हणून काल आठवलाही नाही.

"तो तसाच असता," मास्तर म्हणाले, "तर इंजिन तिरकं होऊन साखळीतून निसटलं असतं. थेट तुमच्या..."

टॉर्चचा उजेड टाकून पाहिलं. भोक रिकामं. आटे स्वच्छ. विद्यार्थ्यांनी जमीन झाडली, गाडीखाली लोहचुंबक फिरवलं. बोल्ट नाही.

सलूनमधल्या माणसाचं अगदीच खोटं म्हणता येणार नाही. त्या शेडमध्ये रात्री कुणीतरी हात, हात करत होतं. फक्त करणारा जिवंत होता. आणि पोरीचे दोन्ही हात शेवटपर्यंत धड होते.

टेम्पो गेल्यावर मिस्त्री शेडला वळसा घालून मागे गेला, उगाच, पाय नेतील तिकडे. मागच्या खिडकीला बारीक जाळी आहे, चारही बाजूंनी खिळे ठोकलेली. तिच्यातून पेन्सिल जाणार नाही. खिडकीखालच्या कट्ट्यावर तो बोल्ट होता. डोक्यावर उभा ठेवलेला, आटे पुसलेले, तेल अजून ओलं. जाळीच्या बाहेर.