मुख्तारियाची शेवटची बाटली

यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

मोस्तगानेम शहर. रमजानचा चौदावा रोजा. दुपारचे तीन.

मी हुवारिया. आमच्या प्रयोगशाळेत मी आणि मुख्तारिया बटाट्यापासून अपायरेज काढायचो. एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, तोडून टाकणारं एन्झाइम. त्याची परीक्षा सोपी. एटीपीवर चमकणारं द्रावण घ्यायचं, त्यात एक थेंब सोडायचा. उजेड जितका लवकर विझेल, तितकं एन्झाइम चांगलं.

तिच्या थेंबाला दोन मिनिटं लागायची. माझ्या थेंबाला दहा.

"हुवारिया, एन्झाइम काढतेस की बटाट्याचं भरीत करतेस?" आमचे साहेब, सी कद्दूर (सी म्हणजे श्री), सगळ्यांसमोर विचारायचे.

मुख्तारिया हसायची नाही. म्हणायची, "ये गं, दाखवते."

तेच जास्त झोंबायचं.

हिवाळ्यात ती मोटार अपघातात गेली. मी रडले. खरंच रडले.

पण घरी जाताना हलकं वाटलं...

त्या दुपारी फ्रीजरमध्ये तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली एन्झाइमची एक बाटली सापडली. मी चिठ्ठी खरवडून काढली. माझ्या नावाची चिकटवली.

द्रावण नळीत ओतलं. हिरवट उजेड आला.

एन्झाइमच्या बाटलीचं झाकणही अजून उघडलं नव्हतं...

उजेड विझला.

पुन्हा ओतलं. पुन्हा विझला.

आणि शेजारच्या शीतखोलीतून आवाज आला. खर्र... खर्र... कुणीतरी साल काढत होतं.

दार उघडलं. कोणी नाही. महिनाभर तिथे एकही बटाटा आला नव्हता. तरी ओल्या सालींचा वास...

माझं नाव फाडून काढलं. तिचं लिहिलं.

आवाज थांबला.

या वेळी उजेड टिकला. मग मी थेंब सोडला. दोन मिनिटांत अंधार.

"कुणाचं गं हे?" दारात सी कद्दूर उभे होते.

"मुख्तारियाचं. तिची शेवटची बाटली राहिली होती."

ते जवळ आले.

"पोरी, तिची शेवटची बाटली मी जानेवारीतच ओरानच्या प्रयोगशाळेला पाठवली. माझ्या हातानं."

त्यांनी बाटली उचलली... आणि लगेच खाली ठेवली.

फ्रीजरमधून काढलेली काच कोमट होती.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. वाटली. आजही त्या शीतखोलीत मी एकटी जात नाही.

पण खरं सांगते, सगळ्यात आधी मनात आलं ते वेगळंच होतं.

मेल्यावरही हिचंच चांगलं निघतं.