भिंतीपलीकडचा नवरा

दूध आणायला निघाले होते, तेवढ्यात भाऊ दारात उभा. म्हणाला, "ताई, उद्यापासून तू येऊ नकोस."

मी कपाळाला हात लावला. आमचा धंदा साधा होता. भाऊ मेलेल्यांना बोलवायचा आणि मेलेले म्हणून मी बोलायचे. या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे शिवणकाम करणारी एक विधवा. नवरा बोटीवर इंजिन सांभाळायचा, तापाने गेला. तिच्या शिवणखोलीला लागून असलेली खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मधे नुसती फळ्यांची भिंत. दुपारी तिच्या खोलीत पडदे ओढून भाऊ काहीबाही पुटपुटायचा आणि मी पलीकडून फळीला तोंड लावून घोगऱ्या आवाजात तिला हाक मारायचे. आता 'घर याच्या नावावर कर' एवढंच म्हणायचं राहिलं होतं. आणि हा दीडशहाणा तिच्या प्रेमात पडला.

"काज करताना ती स्वतःशीच हसते, ताई."

"हसू दे की. आपल्याला घर हवंय."

"मी तिला सगळं सांगून टाकणार आहे."

लहानपणापासून याचं हे असंच. हातातोंडाशी आलेला घास हाच सांडणार. मी चरफडत घरी बसले.

आठवड्याने ती बाईच आली. वाटलं, भांडायला आली असेल. पण ती खुर्चीच्या कडेला टेकून हळू आवाजात म्हणाली, "यांनी सगळं सांगितलं. भिंतीमागे बाई आहे, हे मला आधीच कळलं होतं. पण कुणीतरी हाक मारतंय, एवढंच बरं वाटायचं. आता आम्ही लग्न करतोय. तेवढ्या हाका थांबवा."

"अहो, मी आठवडाभर तिकडे फिरकलेसुद्धा नाही."

ती खुर्चीवरून उठली. "मग... रोज दुपारी...?"

भावाचाच काहीतरी चाळा असणार, म्हणून तणतणत तिच्याबरोबर गेले. शेजारच्या खोलीला बाहेरून कुलूप. भाऊ शिवणयंत्रापाशी बसलेला, तोंड पांढरंफटक. खोलीत इंजिनच्या तापलेल्या तेलाचा वास कोंडला होता. थोड्या वेळाने फळ्यांमागून कुणीतरी खाकरलं आणि हाक आली. तिच्या नावाने.

आवाज माझा होता. मी घडवलेला, हुबेहूब. फक्त वैतागलेला. "किती वेळा हाक मारायची..."

'कोण आहे?' असं विचारायला मी तोंड उघडलं. घशातून हवासुद्धा बाहेर पडली नाही. पलीकडचा बोलायचा थांबला, तेव्हा कुठे माझा आवाज परत आला.

दोघांनी लग्न केलं, घर विकलं, दुसऱ्या गावी गेले. तिथे हाका येत नाहीत म्हणे. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे मुद्दाम कधी विषय काढला नाही.

काल भावाची खुशाली विचारावी म्हणून फोन लावला. वहिनीने उचलला. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी ती नुसती 'हो, हो' म्हणत राहिली. मग ती रडवेल्या, दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, पुरे ना आता... यांना सोडा."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.