मिस केल यांचा एकशे चारावा वाढदिवस

अमेरिकेत, अर्विंगला आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या रस्त्यावर एक सीनियर होम आहे. माझी बायको वीणा तिथे शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जायची. तिथेच तिला डोरोथिया केल भेटल्या. एके काळच्या हॉलिवुडच्या कृष्णधवल सिनेमांतल्या नायिका. आता व्हीलचेअर आणि नाकाला ऑक्सिजनची नळी. वीणा त्यांचे जुने सिनेमे त्यांच्याच शेजारी बसून बघायची आणि घरी येऊन मला स्टोऱ्या सांगायची. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस, मला खोटं रडणं बघवत नाही. "अरसिक मेला," ती माझी कॉलर सरळ करत म्हणायची.

बाईंना एकशे चार वर्षं पूर्ण झाली तेव्हा मोठा सोहळा झाला. केक, फुगे, लोकल चॅनेलचा कॅमेरा, भिंतीवर त्यांचाच तरुणपणीचा सिनेमा. वीणा चक्क पैठणी नेसून औक्षणाचं ताट घेऊन गेली. ऑक्सिजनमुळे ज्योत चालणार नव्हती, म्हणून बॅटरीचं निरांजन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ओवाळलं, स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "माझं आयुष्य तुम्हाला लाभो."

बाईंनी अर्थ विचारला. वीणाने इंग्रजीत सांगितला.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "ऑल ऑफ इट?"

"ऑल ऑफ इट!" वीणा हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मनगटावर बोटांचे वळ उठले. ते गेलेच नाहीत.

दिवाळीपर्यंत वीणाला जिना चढवेना. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस आहे. कसला डोंबलाचा स्ट्रेस! तिच्या तोंडची चव गेली, पैठणी अंगावर राहीना. तिकडे सीनियर होममधून कौतुकाचे फोन: मिस केलची नळी काढली. मिस केल चालायला लागल्या. मिस केल जेवणात तिखट मागतात.

आधी मी हसण्यावारी नेलं. मग तेही जमेना.

"वीणा, जाऊन सांग ना त्यांना. शब्द परत घे," मी म्हणालो. मी, टेस्टिंगमधला माणूस.

"वेडा आहेस का चारू? आयुष्य चिंतलेलं कुणी परत घेतं का?"

जानेवारीत ती गेली. चाळिशीही उलटली नव्हती. मी लहान पोरासारखा रडलो, आणि तेरावं झाल्यावर सरळ भांडायला गेलो.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. आधाराशिवाय. केस मुळांशी काळे होत होते.

"माझी बायको परत द्या," मी ओरडलो. मराठीतच ओरडलो.

त्या वळल्या.

मग जवळ आल्या आणि माझ्या जॅकेटची कॉलर सरळ केली.

आवाज त्यांचाच होता, म्हातारा, घोगरा.

"चारू," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "जेवलास का?"

"नाही गं," मी म्हणालो.