समजलं नाही

अड्याळची बस कोंढ्याजवळ झटका देऊन थांबली, आणि अश्वजितच्या मांडीवरचे कागद खाली घसरले. शेजारच्या मुलीनं ते गोळा केले... पण परत द्यायच्या आधी एक वाचायलाच घेतला.

"कोणासाठी आहे जी हे?"

"साध्या माणसांसाठी. ईटीएफ, म्हणजे एका फंडात पुष्कळ कंपन्यांचे शेअर. तो फंड शेअरसारखाच बाजारात विकता येते. हा कागद लोकांले समजते का, ते तपासाले आलो नागपूरहून."

ड्रायव्हर बॉनेट उघडून बसला होता. खिडकीतून कापलेल्या धानाचा वास येत होता. ज्योत्सना – अड्याळच्या मच्छीमार सोसायटीत मासोळीचा लिलाव सांभाळणारी – शांतपणे वाचत राहिली. मग तिनं मान वर केली.

"कधीही विका म्हणता. त्या दिवशी घेणाराच नसला तर?"

"तर... कमी भावात."

"म्हणजे माल शंभराचा, अन् हातात नव्वद?"

"होऊ शकते."

"मंग ते कुठं लिवलं आहे?"

होतं – अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. अश्वजित तिच्याकडे पाहतच राहिला. त्यानं खुणांचे कागद तिच्यापुढं धरले – सहा गावांत दोनशे माणसांनी 'समजलं' वर खूण केली होती!

"त्यांनी कायले केली मंग?" त्यानं विचारलं.

"नाही समजलं म्हणाची लाज वाटली असन." ती हसली. "असे काय पाहून राहिले?"

"काही नाही..." त्याचे कान लाल झाले.

त्याच्या साहेबांना अहवालात 'सोपं आहे' एवढंच हवं होतं. अश्वजितनं लिहिलं, 'सोपं नाही.' आठवड्यात नोकरी गेली.

तो सरळ अड्याळच्या तलावावर आला. ज्योत्सना जाळं झटकत होती. नोकरी गेल्याचं ऐकताच तिचे हात थांबले.

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं मले खरं लिवता आलं." तो एक पाऊल जवळ आला. "एवढ्या सरळ नजरेचं माणूस मी पाहिलंच नव्हतं. भेव वाटते तुमचं... तरी जन्मभर तुमच्याचजवळ राहावं वाटते."

तिनं जाळं खाली ठेवलं. दूर डोंग्यात तिचे वडील फकिरा उभे होते.

"बाबा, काठावर या!" तिनं हाक दिली. "पाहुणे आले."

"कोण पाहुणे वो?"

तिनं अश्वजितकडे पाहिलं. ओल्या हातानं त्याचा हात धरला, आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माझा अश्वजित!"