वर उठलेली पावलं

जावाच्या डोंगरात उताराला भेग पडली की सगळी वस्ती अनवाणी जमते. भेगेत चिकणमाती भरायची आणि पायांनी तुडवायची, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरत नाही. सार्मिनीच्या घरामागची भेग अशीच एकमेकांची टर उडवत बुजवली गेली. तिची लेक रास्ती सगळ्यांत जास्त नाचली. डाव्या पायाची करंगळी विळ्याखाली गेलेली, पण पोरीच्या उड्या काही थांबत नव्हत्या.

"अहो, वरचं माशांचं तळंही रिकामं करा," सार्मिनी नवऱ्याला म्हणाली. "पाणी आतल्या आत झिरपतंय. खालचा दगड पार कुजलाय, चिमटीत धरला तरी पीठ होतं त्याचं."

"आणि मासे काय माझ्या लुंगीत ठेवू?" पार्जो हसला. "ईद होऊ दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी दोघं भेग बघायला गेले. तुडवलेल्या मातीवर पावलं होती. ती असायचीच. पण ही आत रुतलेली नव्हती, वर उठलेली होती. टाच, चवडा, बोटं, सगळं फुगून वर आलेलं. कुणीतरी खालून तुडवत होतं.

पलीकडच्या उताराखाली पूर्वी अख्खी वाडी गाडली गेली होती. माणसं सापडलीच नव्हती.

"पावसानं फुगली असेल माती," पार्जो म्हणाला, पण जवळ जाईना.

सार्मिनीनं हात लावून पाहिला. माती कोमट होती.

मोठ्या पावलांच्या गर्दीत एक लहान पाऊल होतं. डावं. करंगळी नसलेलं.

सार्मिनी घराकडे धावली आणि रास्तीला ओढतच उतार उतरली. पार्जो मागोमाग आला, माशांचं नावही न काढता.

समोरच्या डोंगरावर बहिणीच्या घरी पोचले आणि दुपारी त्यांच्या घरामागचा उतार सुटला. बांबू उभेच्या उभे घसरले, मग तळं, मग घर. सार्मिनी लेकीला छातीशी धरून मनसोक्त रडली.

"जेव गं आता," बहीण म्हणाली. "इथं कसली भीती? आजोबांनी चोपलेली जमीन आहे ही."

रास्ती जेवता जेवता चुळबुळ करू लागली. "आई, चटईखाली काहीतरी वर आलंय."

सार्मिनीनं चटई उचलली.

टाच. चवडा. चार बोटं.

तिनं हात लावला. जमीन कोमट होती.