खेळाचा की माझा?

दीपमालाचा योद्धा गुहेत मरून पडला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा हळूच म्हणाला, "थांबा... मी वैद्य आहे. उठवतो तुम्हाला."

नव्याण्णव साल होतं. जळगावच्या त्या इंटरनेट कॅफेत दोघं एकमेकांच्या नकळत एकच खेळ खेळत होते. खेळात चित्रं नव्हती, पडद्यावर नुसते इंग्रजी शब्द – समोर नदी आहे, डावीकडे गुहा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यात योद्धे, वैद्य, चोर होऊन एकत्र हिंडायची.

दीपमाला असोद्याची, कॉलेजला रोज बसने यायची. अभिमन शिंदखेड्याचा, इथे होस्टेलवर राहायचा. त्या दिवसापासून योद्धा आणि वैद्य जोडीनेच फिरू लागले. राक्षस पडला की अभिमन तिच्याकडे बघून भुवया उडवायचा, आणि ती... पुढचं टाइप करायचंच विसरायची.

दिवाळीनंतर त्याला धुळ्यात नोकरी लागली. जाताना म्हणाला, संध्याकाळी खेळात भेटूच की.

भेटत होतेही. वैद्य यायचा, खजिन्याचा पत्ता सांगायचा, नवी ढाल द्यायचा. पण अभिमन जेवतो कुठे, थंडीत स्वेटर घालतो का, हे काही तो लिहायचा नाही, आणि तिला विचारवत नव्हतं. हळूहळू तिला त्या गुहांचा, त्या नद्यांचा वीट आला. सोडून द्यावा, तर भीती – खेळ सुटला की अभिमनही सुटेल.

शेवटी एका संध्याकाळी, समोर राक्षस उभा असताना, तिने लिहून टाकलं की मला कंटाळा आलाय.

मग पडद्यावर उमटलं, "खेळाचा की माझा?"

"खेळाचा," तिने लिहिलं. मग धीर करून, "तुझा आवाज ऐकावासा वाटतो."

थोड्या वेळाने वैद्य खेळातून निघूनच गेला. असोदा येईपर्यंत ती बसच्या खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती जळगावच्या स्टँडवर असोद्याच्या बसची वाट बघत उभी होती, आणि धुळ्याच्या बसमधून अभिमन उतरला. केस विस्कटलेले, शर्टावर धूळ. साहेबांना काहीतरी थाप मारून आलो, म्हणाला.

"आणि तो राक्षस?" तिला हसू आवरेना.

"असेल तिथेच." तो बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. "काल उत्तर लिहीत होतो मी. लिहिलं, खोडलं... इंग्रजीत ते काही खरं वाटेना."

"मग आपल्या भाषेत सांग."

त्याने मान वर केली. कॉलेजात कधी न बोललेल्या घरच्या अहिराणीत म्हणाला, "माले तू आवडस."

असोद्याची बस लागली. कंडक्टरने घंटी दिली. दीपमाला जागची हलली नाही.

"मले बी," ती तिच्या असोद्याच्या बोलीत म्हणाली, आणि बस जाऊ दिली.