नॉर्माचं नाक

नोव्हेंबरातल्या एका धुकट सकाळी एल्विओ अक्वालान्या गावाच्या बाजारातल्या एका दुकानात पहिल्यांदा शिरला. बुटांना ओला चिखल, पायाशी तांबूस कुत्री आणि रुमालात आदल्या दिवशी जंगलातून उकरून काढलेली पाच पांढरी ट्रफल्स — जमिनीखाली वाढणारी, वासावरच विकली जाणारी महागडी अळंबी.

दुकान मावशीचं, पण माल पारखायची तिची भाची नॉर्मा. तिने एकेक ट्रफल नाकाशी धरलं.

"सगळी उत्तम आहेत."

एल्विओने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्यातलं एक हळूच उचलून खिशात टाकलं.

"हे राहू द्या. आतून नासलंय... मला आत्ता कळलं."

नॉर्माचे कान तापले. सप्टेंबरातल्या तापात तिला वास येणं बंद झालं होतं — कॉफीचा, साबणाचा, सगळाच. दोन महिने ती नुसती बोटांनी चाचपून निभावत होती. मावशीलाही पत्ता नव्हता.

"कुणाला सांगणार?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

"कुत्रीला. ती चहाडखोर नाही."

मग तो रोजच येऊ लागला. दुकानात कुणी नसलं की इतरांचाही माल हुंगून सांगायचा.

"ह्याला लसणाचा वास... आणि मागून मधाचा."

"आणि ह्याला?"

"माझ्या आजोबांच्या कोटाचा. घेऊ नका."

ती खळखळून हसायची. पण तो गेला की मन खायला लागायचं. लोक मावशीवर विश्वास टाकून माल नेत होते, आणि आपण तिलाच फसवतोय...

एका शनिवारी तिने मावशीला सगळं सांगून टाकलं.  मावशी वजनकाटा तिच्यापुढे सरकवत म्हणाली, "हुंगायचं मी बघते. तू तोल. आधी सांगायचंस ना, वेडे."

सोमवारी एल्विओ आला.

"आता तुमच्या मदतीची गरज नाही राहिली," नॉर्मा म्हणाली.

"बरं झालं." त्याने हातातली टोपी उगाच फिरवली. "मग... उद्या डोंगरावर याल? माझ्या जागेवर?"

ट्रफल शोधणारे आपली जागा सख्ख्या भावालाही दाखवत नाहीत.  नॉर्माने होकारार्थी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर ओकच्या झाडाखाली कुत्रीने माती उकरली. एल्विओने ट्रफल अलगद काढून नॉर्माच्या तळहातावर ठेवलं. जड, गार, मातकट.

"कदाचित मला कधीच वास येणार नाही," ती म्हणाली.

"मी सांगेन की."

"रोज?"

"रोज."

"आणि माझा स्वयंपाक करपला तर?"

"तेही सांगेन... जेवण झाल्यावर."

तिने त्याच्या मातीने भरलेल्या बोटांत आपली बोटं गुंतवली.

"मग सांग," ती म्हणाली — पहिल्यांदाच एकेरीत.

तो ट्रफलवर वाकला. वाकता वाकता थबकला.

"नाही जमत," तो पुटपुटला. "इतक्या जवळून... फक्त तुझ्या केसांचाच वास येतोय."